टायटल लिहिणाऱ्यांसाठी सर्च कन्सोल: फुकट आहे, पण वाचता यायला हवं

गूगलचं सर्च कन्सोल, म्हणजे आपली वेबसाइट गूगलच्या शोधात कशी दिसते हे तिच्या मालकाला दाखवणारं साधन, बहुतेकांना आठवतं ते काहीतरी बिघडल्यावर. पान गूगलमध्ये येत नाही, कुणीतरी साइट हॅक केली, अचानक क्लिक आटले, की मग लॉगिनचा शोध सुरू होतो. मी ते रोज उघडते आणि तेही मुख्यतः एकाच कामासाठी: पानांची टायटलं लिहायला. टायटल म्हणजे पानाच्या एचटीएमएलमधली (पान ज्या कोडमध्ये लिहिलेलं असतं त्यातली) ती एक ओळ, जी खुद्द पानावर कुठेच नसते. ब्राउझरच्या टॅबवर तिचं शेपूट कापलेलं दिसतं आणि गूगलच्या निकालात दुवा म्हणून मोठ्या अक्षरांत येते ती बहुधा हीच. माणूस तुमच्याकडे येणार की खालच्याकडे जाणार, हे बरंचसं ती ओळ वाचून ठरतं. आणि वेबसाइट करताना सगळ्यात शेवटी, चहा पिता पिता लिहिली जाते तीही हीच.

मी सांगली-मिरज भागातल्या लहान धंद्यांच्या वेबसाइट सांभाळते. त्याआधी बरीच वर्षं डीटीपी (छपाईसाठी संगणकावर पानं जुळवण्याचं काम) केलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, यात्रांची हँडबिलं. सध्या माझ्याकडे हळदीचे एक व्यापारी आहेत, मिरजेतला एक तंतुवाद्यांचा कारखाना आहे, एक दातांचा दवाखाना आणि आंबोलीकडचं एक होमस्टे आहे. यांतल्या कुणालाही डॉलरमध्ये महिन्याचं भाडं भरून एसइओचं (गूगलच्या निकालात साइट वर आणण्याचं) साधन घेणं परवडत नाही. माझ्या मते गरजही नाही. टायटल सुचवणारी, टायटलला शंभरपैकी गुण देणारी जी साधनं मी वापरून पाहिली, त्या सगळ्यांपेक्षा सर्च कन्सोलने मला जास्त शिकवलं. ते टायटल कसं लिहा याबद्दल चकार शब्द काढत नाही. लोकांनी काय टाइप केलं एवढंच समोर ठेवतं.

आत गेल्यावर 'परफॉर्मन्स' अहवालात वर चार आकडे असतात: क्लिक, इम्प्रेशन (पान निकालात किती वेळा दिसलं), सीटीआर (दिसल्यापैकी किती टक्के वेळा क्लिक झालं) आणि सरासरी पोझिशन (निकालात साधारण कितव्या जागेवर). नवखा माणूस त्याखालच्या आलेखाकडे बघत बसतो. तो सोडून द्यावा. खाली 'पेजेस'मध्ये एक पान निवडायचं आणि मग 'क्वेरीज'वर यायचं. आता समोर येते ती यादी म्हणजे ते एकच पान गूगलने कुठल्या कुठल्या शोधांना दाखवलं त्याचा हिशेब, लोकांच्या शब्दांत, लोकांच्या शुद्धलेखनासकट. माझ्या लेखी या साधनाची सगळी किंमत या एका यादीत आहे.

हळदवाल्या अण्णांचं उदाहरण देते. त्यांच्या मुख्य पानाला आधीच्या वेबवाल्याने टायटल दिलं होतं: 'सांगली हळद दर, राजापुरी हळद, सेलम हळद, हळद भाव, होलसेल हळद सांगली'. अण्णा त्यावर खूश होते, सगळं आलंय म्हणून. यादी उघडली तर इम्प्रेशनचा डोंगर, आणि तो जवळपास सगळा 'आजचा हळद भाव', 'सांगली मार्केट यार्ड हळद दर', 'वसमत हळद भाव' अशा शोधांचा. म्हणजे शेतकरी. माल काढलेला, सौद्यात काय दर निघतोय ते बघायला आलेला. त्याला अण्णांच्या अर्ध्या किलोच्या पाकिटांशी काय देणंघेणं? ज्यांना घरची वर्षाची हळद भरायची होती, त्या बायका त्याच यादीत खाली होत्या: 'हळकुंड कुठे मिळेल', 'घरगुती हळद पावडर सांगली', 'भेसळ नसलेली हळद'. त्यांना हे पान दिसत होतं ते निकालांच्या पार तळाशी, आणि दिसलं तरी पाच स्वल्पविरामांतून अण्णा पाकिटं विकतात हे कुणाला कळणार?

नवं टायटल केलं: 'राजापुरी हळद पावडर आणि हळकुंड, थेट सांगलीहून', आणि शेवटी दुकानाचं नाव. 'दर' गेला, 'भाव' गेला. दरांसाठी अण्णांना हवं तर वेगळं पान करू म्हटलं, पण दर रोज बदलणार आणि ते रोज कोण भरणार, यावर विषय मिटला. पुढे इम्प्रेशन उतरले आणि अण्णांचा फोन आला. "अहो ताई, आकडा खाली आलाय की! पैसे देऊन कमी करून घेतलं म्हणायचं का?" त्यांना म्हटलं, आकडा खाली आलाय तो तुमचं गिऱ्हाईक नसलेल्या माणसांचा. त्यांना पटायला थोडा वेळ लागला. पण 'आज सौद्यात काय दर निघाला' असं विचारणारे फोन कमी झाले आणि 'दोन किलो कुरिअरने पाठवाल का' हे वाढले, तेव्हा पटलं.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. अण्णांची इच्छा 'जीआय मानांकित' हे शब्द टायटलमध्ये अगदी पुढे असावेत अशी होती. अभिमानाची गोष्ट आहे, मान्य. पण यादीत 'जीआय' टाइप करणारा माणूस शोधून सापडेना. मग ते पानावर ठळक अक्षरांत, प्रमाणपत्राच्या फोटोसह गेलं आणि टायटलमधली जागा हळकुंडाला मिळाली. असा वाद मिटवायला ही यादी फार कामाला येते. माझं मत विरुद्ध अण्णांचं मत असं राहत नाही.

तंतुवाद्यांच्या कारखान्याची गोष्ट आणखी मजेशीर. मिरजेची सतार आणि तानपुरा दोन्हींना २०२४ मध्ये मानांकन मिळालं, बातम्या आल्या, तेव्हा चाचांच्या, म्हणजे कारखानदारांच्या, मुलाने वेबसाइट हौसेने पुन्हा उभी केली आणि टायटल ठेवलं 'ऑनलाइन तानपुरा'. त्याच्या डोक्यात ऑनलाइन विक्री. पण जगात 'ऑनलाइन तानपुरा' शोधणाऱ्या माणसाला तानपुरा विकत घ्यायचाच नसतो. त्याला रियाजाला बसायचंय आणि फोनवर षड्ज-पंचम लावून हवाय. क्वेरीज उघडल्या तर 'तानपुरा काळी चार', 'काळी एक तानपुरा', 'पांढरी पाच तानपुरा'. काळी-पांढरी म्हणजे गायकाच्या स्वराची पट्टी. सगळे गाणारे! ते येणार, वाजवायचं बटण शोधणार आणि परत जाणार. त्यांचा दोष नाही, चाचांचाही नाही, त्या एका शब्दाचा आहे.

खऱ्या गिऱ्हाइकांचे शोध संख्येने थोडे, पण बघण्यासारखे होते. 'मिरज तानपुरा किंमत'. 'लेडीज तानपुरा'. 'तानपुरा विमानातून कसा न्यावा'. आणि मला सर्वांत उपयोगी वाटलेला, वेगवेगळ्या तऱ्हेने पुन्हा पुन्हा येणारा शोध: जवारी, म्हणजे तारा नीट गुंजाव्यात म्हणून घोडी घासून बसवण्याचं काम. 'जवारी काढणे', 'जवारी कुठे करून मिळेल', 'तानपुरा दुरुस्ती पुणे'. पंढरपूरकडच्या भोपळ्यापासून तुणाच्या लाकडापर्यंत सगळी माहिती साइटवर होती, पण दुरुस्तीचं पानच नव्हतं. चाचा म्हणाले, "जवारी तो रोजचं काम आहे, त्याचं काय लिहायचं?" आम्ही पान केलं. टायटल: 'तानपुरा व सतार दुरुस्ती, जवारी आणि तारा – मिरज'. विक्रीच्या पानाचं टायटल झालं 'मिरजेचा तानपुरा: लेडीज आणि जेंट्स, किंमत व मापं'. कारखान्यात जनानी आणि मर्दानी म्हणतात, ते शब्द पानावर आत ठेवले. किंमत नुसती टायटलमध्ये लिहून भागत नाही, पानावर ती खरोखर असावी लागते. त्यासाठी चाचांना राजी करायला टायटलपेक्षा जास्त वेळ गेला.

आता आकडे वाचण्याबद्दल, कारण इथे सर्च कन्सोल सरळ माणसाला सहज चकवतं. तारखांची तुलना करायची सोय त्यात आहे: टायटल बदलण्याआधीचे अठ्ठावीस दिवस आणि नंतरचे अठ्ठावीस. सोय चांगली, पण डोळे झाकून वापरण्याची नाही. फेब्रुवारीच्या शेवटी टायटल बदललं आणि एप्रिलमध्ये हळदीचे क्लिक वाढले, तर त्याचं श्रेय टायटलला देणारा माणूस कधी उन्हाळ्यात हळद-तिखट दळायला गिरणीच्या रांगेत उभा राहिलेला नसावा. तेव्हा सगळ्यांचेच क्लिक वाढतात. आंबोलीच्या होमस्टेचं तसंच, पहिला पाऊस पडला की शोध धो धो. म्हणून मी गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करते. साधन सोळा महिन्यांचा डेटा ठेवतं, म्हणजे एक वर्ष मागे जाता येतं, दोन नाही. जुना हवा असेल तर आपणच वेळोवेळी शीटमध्ये उतरवून घ्यायचा.

दुसरा चकवा सरासरी पोझिशनचा. टायटल बदललं, क्लिक वाढले, पण त्याच काळात पान नवव्या जागेवरून चौथ्या जागेवर आलेलं असेल, तर वाढ ओळीमुळे की जागेमुळे? मी एकच क्वेरी पकडते आणि जागा साधारण तीच असताना सीटीआर हललाय का तेवढं बघते. लहान साइटवर तेही दर वेळी जमत नाही. आठवड्याला पाच-सात क्लिक येणाऱ्या पानाची टक्केवारी दशांशापर्यंत काढून गिऱ्हाइकाला पाठवणारे लोक मला माहीत आहेत. तो अहवाल छापून त्यात भेळ बांधावी. हल्ली निकालांच्या माथ्यावर एआयचं उत्तर येतं आणि तिथली दर्शनं-क्लिकही याच 'वेब' आकड्यांत मिसळून येतात. त्यामुळे सीटीआर घसरला की लगेच टायटलच्या मानगुटीवर बसू नये.

आणि सगळे शोध दिसतात असंही नाही. अगदी मोजक्या लोकांनी केलेले शोध गूगल खासगीपणासाठी झाकून ठेवतं. मोठ्या साइटला त्याचं काही वाटत नाही. आपल्यासारख्यांच्या बाबतीत मात्र यादीतल्या क्लिकांची बेरीज आणि वरचा एकूण आकडा यांत मोठी तफावत दिसते आणि नवी माणसं घाबरतात. घाबरायचं कारण नाही, गणित तसंच आहे. एका वेळी हजार ओळींपेक्षा जास्त दिसत नाहीत, पण हजार ओळी भरतील एवढे शोध माझ्या एकाही गिऱ्हाइकाला नाहीत, तेव्हा ती तक्रार मोठ्यांनी करावी.

माझी खरी कुरकुर वेगळी आहे. टायटलसाठी इतकं उपयोगी असलेल्या या साधनात, गूगल निकालांत तुमचं कुठलं टायटल दाखवतंय हे कुठेही दिसत नाही. कारण तुम्ही लिहिलेली ओळच दाखवली जाईल याची हमी नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने टायटल ठरवायची नवी पद्धत आणली तेव्हा बराच गदारोळ झाला होता. पुढच्याच महिन्यात त्यांनी सांगितलं की पानावरचं मूळ टायटल आता साधारण ८७ टक्के वेळा वापरलं जातं, आधी हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास होतं. उरलेल्या वेळी ते पानावरच्या मोठ्या मथळ्यातून, ठळक मजकुरातून किंवा त्या पानाकडे येणाऱ्या दुव्यांच्या शब्दांतून ओळ उचलतं. या साधनाचं नाव वेबमास्टर टूल्स होतं, २०१५ मध्ये सर्च कन्सोल झालं. जुन्या रूपात 'एचटीएमएल इम्प्रूव्हमेंट्स' नावाचा एक अहवाल असायचा: ही टायटलं दुहेरी आहेत, ही फार लांब, ही फार तोकडी. २०१८ पासून नवं रूप आलं त्यात तो घेतला नाही. मला अजून त्याची आठवण येते. दुहेरी टायटलं शोधायला आता मी स्क्रीमिंग फ्रॉग या साइटची पानं तपासणाऱ्या प्रोग्रामची फुकट आवृत्ती चालवते. पाचशे पत्त्यांपर्यंत ती चालते आणि आमच्याकडे पाचशे पानं आहेत कुणाची?

गूगल ओळ कधी बदलतं याचे ढोबळ नमुने त्यांनीच सांगितलेले आहेत आणि माझ्या चारही गिऱ्हाइकांत ते सापडले. दातांच्या दवाखान्याच्या मुख्य पानाचं टायटल होतं 'होम'. बाकीच्या सगळ्या पानांचं एकच, 'डेंटल क्लिनिक सांगली', मग ते रूट कॅनलचं पान असो की डॉक्टरांच्या माहितीचं. काही पानांवर नुसती उभी रेघ आणि मागे दवाखान्याचं नाव. पुढचा भाग टेम्पलेटमध्ये (सगळ्या पानांच्या ठरलेल्या साच्यात) भरायचाच राहिलेला. होमस्टेच्या दरपत्रकाच्या टायटलमध्ये गेल्याच्या गेल्या वर्षीचं साल आणि पानावर मथळ्यात चालू वर्ष. अशा वेळी गूगल मथळ्याचं ऐकतं, आणि योग्यच करतं. माझा नियम साधा आहे: टायटल आणि पानावरचा मुख्य मथळा यांनी एकमेकांना ओळख दाखवली पाहिजे. शब्दशः एक नको, पण दोन वेगळ्या दुकानांच्या पाट्या वाटायला नकोत. साल शक्यतो टायटलमध्ये घालायचंच नाही. दुकानाचं नाव शेवटी. २०२२ च्या अखेरीपासून गूगल निकालात साइटचं नाव टायटलच्या वर वेगळं दाखवायला लागलं, तेव्हापासून लांब नाव असेल तर मी ते आतल्या पानांच्या टायटलमधून बिनधास्त उडवते. अण्णांच्या दुकानाचं नाव तीन पिढ्यांचं आहे. ते मुख्य पानावर ठेवलं.

लिपीचं सांगायलाच हवं. पान अख्खं मराठीत आणि टायटल रोमन अक्षरांत, असल्या मराठी साइट अजून ढिगाने आहेत. मला वाटतं ही सवय जुन्या फॉन्टांच्या काळातली आहे. आम्ही श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टांच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर करायचो तेव्हा पानावर फॉन्ट लावून मराठी दिसायचं, पण टायटलला फॉन्ट लावता येत नाही, त्यामुळे ब्राउझरच्या माथ्यावर चिन्हांची खिचडी उमटायची. मग सगळे टायटल इंग्रजीत ठेवायचे. सगळ्या यंत्रांवर सारखं दिसणारं युनिकोड आलं, खिचडी गेली, सवय राहिली. गूगलचा सल्ला स्पष्ट आहे: टायटलची भाषा आणि लिपी पानाच्या मजकुराचीच असावी. जून २०२२ मध्ये त्यांनी अशी विसंगत टायटलं ओळखून पानाच्या भाषेतली ओळ लावायची सुधारणाही जाहीर केली. पण ती ओळ ते निवडणार! आपण का नाही निवडायची? इंग्रजीत शोधणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी चाचांचं इंग्रजी पान वेगळं आहे, त्याला इंग्रजी टायटल. मराठी पानाला मराठी. एकाच ओळीत दोन्ही लिप्या कोंबल्या की दोन्ही अर्धवट कापल्या जातात.

कापण्यावरून लांबीचा प्रश्न. पन्नास-साठ अक्षरांत टायटल बसवा, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. तो हिशेब इंग्रजीचा. गूगल अक्षरं मोजत नाही. यंत्राच्या पडद्यावर जेवढी रुंदी मिळते तेवढं दाखवतं आणि पुढे तीन टिंबं देतं. आमच्या डीटीपीत हे पहिल्या दिवशी शिकवतात, की देवनागरीची ओळ अक्षरं मोजून बसत नाही. 'स्त्री' हा शब्द संगणक मोजतो सहा खुणांचा: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. डोळ्यांना दिसतं एकच जोडाक्षर. उकार खाली जातो, मात्रा वर जाते, रफार डोक्यावर बसतो, रुंदी कुणीच घेत नाही. काना मात्र घेतो. त्यामुळे अक्षरं मोजणारी साधनं मराठी टायटलला लाल दिवा दाखवतात, तेव्हा ते बऱ्याचदा व्यवस्थित मावणारं असतं. मी एका एजन्सीचं 'टायटल ऑप्टिमायझेशन'चं काम पाहिलं होतं, नाव घेत नाही. लाल दिवा घालवायला त्यांनी 'हळकुंड आणि हळद पावडर'चं 'हळकुंड, पावडर' केलं होतं. साधन हिरवं झालं आणि ओळीतली हळदच गेली. रुंदी पिक्सेलमध्ये मोजणारं साधन असेल तर ते वापरावं, नाहीतर सरळ फोनवर शोधून बघावं. फोनवर ओळ दोन ओळींत मोडते, संगणकावर एकाच ओळीत कापली जाते, म्हणून महत्त्वाचा शब्द पुढे. यापलीकडे लांबीचं कौतुक करू नये. शेपूट कापलं म्हणून पानाला काही शिक्षा होत नाही.

टायटल प्रत्यक्षात बदलायचं ते सर्च कन्सोलमध्ये नाही, हे नव्यांनी ध्यानात ठेवावं. ते वर्डप्रेसमध्ये किंवा तुमची साइट जिथे आहे तिथे. बदलल्यावर पानाचा पत्ता वरच्या पट्टीत टाकून तपासायचा आणि 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' (गूगलला पान पुन्हा वाचायची विनंती) दाबायचं. एकदाच. पुन्हा पुन्हा दाबून काम लवकर होत नाही, रोजच्या मर्यादेतली आपली एक संधी मात्र खर्च होते. निकालात नवी ओळ दिसायला काही दिवस, कधी काही आठवडे जातात. जुनं टायटल काय होतं आणि कुठल्या तारखेला बदललं याची नोंद साधन स्वतःहून ठेवत नाही. मी वही ठेवते. पान, जुनी ओळ, नवी ओळ, तारीख, आणि एका शब्दात कारण: 'दर', 'रियाज', 'साल'.

मालकीची भानगड मात्र आधी निस्तरावी. साधनात मालक, पूर्ण वापरकर्ता आणि मर्यादित वापरकर्ता अशा पायऱ्या आहेत. माझ्याकडे आलेल्या एका गिऱ्हाइकाचं खातं आधीच्या वेबवाल्याने स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं आणि धंद्याच्या मालकाला त्यात पाहुणा म्हणूनही जागा नव्हती. भांडण झालं, त्याने फोन उचलणं बंद केलं. सुदैवाने डोमेनचा (साइटच्या नावाचा) पासवर्ड हातात होता. डीएनएसमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदींत) एक टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराची, नोंद टाकली की मालकी सिद्ध होते आणि आतला जुना डेटाही दिसू लागतो. तेव्हा डोमेन आणि सर्च कन्सोल दोन्ही धंद्याच्या मालकाच्या ईमेलवर, आणि माझ्यासारखीला वापरकर्ता म्हणून आत घ्या. मी नवीन गिऱ्हाइकाला हेच पहिलं सांगते, जरी त्यामुळे मला काढून टाकणं सोपं होत असलं तरी.

थोडं पुढे गेलेल्यांसाठी एक गोष्ट. एप्रिल २०२१ पासून क्वेरींवर रेजेक्सचा (अक्षरांचा नमुना देऊन शोध गाळण्याचा) फिल्टर लावता येतो. 'हळद', 'हल्दी' आणि त्यांची रोमन रूपं एका फटक्यात गोळा करता येतात, किंवा फक्त प्रश्न विचारणारे शोध वेगळे काढता येतात: कुठे, कसा, किती, का. पण इंग्रजी धड्यांतून उचललेले नमुने जसेच्या तसे लावू नका. शब्दाची हद्द दाखवणारी जी खूण त्यात असते, ती इथे फक्त इंग्रजी अक्षरांना ओळखते. देवनागरीत ती लावली की यादी रिकामी येते आणि माणूस समजतो शोधच नाहीत. 'का' शोधायचं तर मागेपुढे रिकामी जागा किंवा ओळीचा शेवट हाताने लिहावा लागतो, नाहीतर 'काळी चार'वाले सगळे गायक पुन्हा गोळा होतात.

कोऱ्या साइटला हे साधन जवळपास निरुपयोगी आहे, एवढं वजा धरा. इम्प्रेशनच नाहीत तर यादी कसली? दवाखान्याने आता लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग काढलाय, त्याची पानं अजून कुठेच दिसत नाहीत. त्यासाठी रिसेप्शनवरच्या मुलीला एक कागद दिला आणि फोनवर आया काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत टिपायला सांगितलं. 'दुधाचा दात किडला तर काढावा लागतो का' आणि 'दात वाकडे येतायत, तार कितव्या वर्षी' हे दोन प्रश्न सारखे येत होते, त्यांची दोन टायटलं करून टाकली. तिसऱ्या पानाला डॉक्टरांना 'पेडोडॉन्टिक्स' (लहान मुलांच्या दातांचं शास्त्र) हवंय. पान चालू होऊन यादी भरली की तो निकाल लागेल.